पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण सरकारी नोकरास कोणी शिकवावी लागत नाही. दर तीन-चार वर्षांनी खोकी बांधावयाची, मुलांचे शाळेचे दाखले काढावयाचे आणि नव्या गावी, नव्या भाषेत दूधवाल्याशी हिशेब सुरू करावयाचा, हा क्रम आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगवळणी पडलेला आहे. तथापि या म्हणीत काही गफलत आहे काय, असा विचार अलीकडे आमच्या मनात घोळू लागला आहे. विंचवाच्या पाठीवर असतात ती त्याची, किंबहुना तिची, पिले. घर पाठीवर घेऊन हिंडते ते कासव. बिऱ्हाड म्हणजे भिंती आणि छप्पर असा अर्थ घेतला तर मान कासवाचा. बिऱ्हाड म्हणजे आपल्यावर विसंबून असलेले जीव असा घेतला तर मान विंचवाचा. या दोहोंपैकी खरा अर्थ कोणता, हे ठरविण्याची वेळ आमच्यावर एका कासवामुळेच आली. त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे, आणि तिच्या निमित्ताने एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावयाचा आहे : ज्यास स्वतःचे घर नाही, त्याने दुसऱ्या जिवास घर देऊ करावे काय?

२०१४ साली आमची दिल्लीस बदली झाली आणि लक्ष्मीबाई नगरात तळमजल्याचे घर मिळाले. पुढे ओंजळीएवढी हिरवळ, मागे फरशी घातलेले इवलेसे अंगण, त्याच्या कडेला एक कडुनिंब. आयएनए बाजार पायी दहा मिनिटांवर. जिचे नाव या वसाहतीस दिले आहे ती झाशीची राणी आपल्याच मराठी कुळातली. संस्थान खालसा करून तिला १८५४ साली किल्ला सोडावयास लावले. तिच्या नावाच्या वसाहतीत राहणाऱ्या कोणालाही ते घर आपले म्हणता येत नाही, ही गंमत आम्हांस पहिल्याच दिवशी जाणवली. संपदा निदेशालयाच्या भाषेत आपण भाडेकरूसुद्धा नव्हे. आपणांस असतो तो केवळ राहण्याचा परवाना, आणि आपण भरतो ते परवाना शुल्क. बदली झाली, निवृत्ती आली की ठराविक मुदतीत पंखे, नळ, दिवे मोजून द्यावयाचे आणि बाहेर पडावयाचे.

आम्ही ताबा घेतला तेव्हा पंखे व नळ यादीबरहुकूम मिळाले. यादीत नसलेली एक वस्तू अंगणात, कडुनिंबाच्या मुळाशी, पालापाचोळ्यात दडून बसली होती. चार दिवसांनी ती चालू लागली तेव्हा आमच्या धाकट्या कन्येने आनंदाने किंकाळी फोडली. तळहाताहून थोडे मोठे कासव; काळसर पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. शेजारच्या बाईंनी सांगितले की, आधीच्या बिऱ्हाडातील मंडळी ते दक्षिणेतून घेऊन आली होती. पुन्हा बदली झाली तेव्हा प्रवासात हाल नकोत म्हणून येथेच ठेवून गेली. मुलांनी त्याचे नाव ‘भाडेकरू’ असे ठेवले. आम्ही हसून संमती दिली. घरात लक्ष्मी आपल्या पावलांनी यावी तसे कासव आले, असेही कोणी म्हणाले. आपल्याकडे देवळात शिरताना सभामंडपाच्या फरशीवर दगडी कासवाला हात लावून मगच पुढे व्हावयाचे, हा लहानपणापासूनचा संस्कार. त्या संस्कारापुढे, हे जनावर पाळण्याचा अधिकार आपणांस आहे काय, हा प्रश्न बराच काळ सुचलाच नाही.

तो सुचला तो एका वृत्तपत्रातील बातमीवरून. कोठल्याशा स्थानकावर एका प्रवाशाच्या पेटीतून शेकडो कासवे पकडली गेली होती, आणि सोबतच्या छायाचित्रात आमच्या भाडेकरूची भावंडे एकावर एक रचलेली दिसत होती. तेव्हा मनात शंकेची पाल चुकचुकली. चौकशी केली तेव्हा कळले की, ही जात भारतात गुजरात-राजस्थानच्या कोरड्या मुलखात आणि दक्षिणेकडील झुडपी रानांत राहते. पाठीवरच्या चांदण्यांपायी जगभर तिचा चोरटा व्यापार चालतो. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ती घरी बाळगणे हा गुन्हा आहे. पुढे २०१९ साली वन्य जातींच्या व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात तिचा समावेश झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून आपल्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतही ती आली; म्हणजे वाघास जे संरक्षण तेच या कासवास. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमात असे आहे की, बेकायदा पकडलेले वन्य जनावर ही सरकारची मालमत्ता होय, आणि ते ज्याच्या हाती येईल त्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आत वर्दी द्यावी. हे वाचून प्रथम हसूच आले. घर सरकारचे, कासव सरकारचे आणि आम्हीही सरकारचेच. मग तक्रार कोणी कोणाविरुद्ध करावयाची? परंतु हसू फार वेळ टिकले नाही. अठ्ठेचाळीस तासांचा हिशेब करता आमचे त्या वेळी दोन वर्षांहून अधिक झाले होते.

तरीही आम्ही वर्दी दिली नाही. का दिली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आम्ही स्वतःशी म्हणालो की, त्याचे येथे बरे चालले आहे. मुलांचा जीव त्याच्यावर जडला आहे. आम्ही ते विकत घेतलेले नाही, रानातून आणलेले नाही. आम्ही तर केवळ आश्रय दिला. प्रत्येक विधान खरे होते. परंतु चार खरी विधाने एकत्र करून एक खोटी गोष्ट रचता येते, हे फायलींवर शेरे लिहिणाऱ्या माणसास निराळे सांगावयास नको. खाली दडलेले पाचवे विधान असे होते की, वर्दी दिली तर ज्ञापन येईल, खुलासा मागितला जाईल, कदाचित सेवापुस्तकात काही लिहिले जाईल. दयेचा शब्द तोंडी होता. भीती मनात होती.

आणि ‘बरे चालले आहे’ हे तरी खरे होते काय? आम्ही त्यास पोळीचा तुकडा, दुधी, काकडी, क्वचित दूध-भात घालीत असू. ते खाई, म्हणून आम्ही संतुष्ट. वास्तविक हे कासव गवत, पाला, रानफुले यांवर जगणारे. पिठूळ व मऊ अन्न त्याच्या पोटास मानवत नाही. दिल्लीच्या हिवाळ्यात ते दीड-दीड महिना हलत नसे. आम्ही म्हणत असू, समाधी लागली आहे. वास्तविक सरपटणाऱ्या प्राण्याच्या अंगी स्वतःची ऊब निर्माण करण्याची सोय नसते. बाहेर ऊन असेल तेवढेच त्याचे बळ. कडाक्याच्या थंडीत त्याची समाधी लागत नाही. ते गारठून निपचित पडते. पाठीवरचे एकेक खवले उंच उंच होत सुळक्यासारखे वर येऊ लागले, तेव्हा नक्षी कशी उठून दिसते म्हणून पाहुण्यांना आम्ही ते कौतुकाने दाखवीत असू. या जातीत थोडा उठाव निसर्गतःच असतो. परंतु इतका नव्हे. एका पशुवैद्याने सांगितले की, हे चुकीच्या आहाराचे व चुकीच्या हवेचे लक्षण आहे. चार वर्षे ज्याचे आम्ही कौतुक करीत होतो तो त्याचा आजार होता.

येथे या प्रश्नाचा गाभा आहे असे आम्हांस वाटते. कुत्रे उपाशी राहिले तर भुंकते, आजारी पडले तर पायाशी येऊन कण्हते, मालक परगावी गेला तर दाराशी बसून राहते. त्याच्या मागण्या आपणांस ऐकू येतात. पोपट नावाने हाक मारतो. सरपटणारा प्राणी यांपैकी काहीच करीत नाही. त्याच्या चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, कंठातून तक्रार निघत नाही. आपण त्याच्या डोळ्यांत पाहून जी ओळख वाचतो ती बहुधा आपणच तेथे लिहिलेली असते. अन्न देणारा हात तो ओळखू लागतो हे खरे. त्यास प्रेम म्हणणे ही आपली हौस. मग अशा जिवाविषयी आपले कर्तव्य कमी होते की वाढते?

कोणी म्हणेल, कमी होते. ज्यास आपले प्रेम कळत नाही त्याचे देणे ते काय? आम्हांस उलट वाटते. जो मागू शकतो त्याच्या बाबतीत आपल्या चुका तोच सुधारतो. जो मागू शकत नाही त्याच्या बाबतीत आपणच फिर्यादी, आपणच आरोपी आणि आपणच न्यायाधीश असतो; आणि अशा न्यायालयात निकाल कोणाच्या बाजूने लागतो हे सांगावयास नको. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नाने १९६० साली प्राण्यांवरील क्रौर्यास आळा घालणारा कायदा आपल्याकडे झाला. त्यापुढे जाऊन २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूच्या प्रकरणात प्राण्यांची पाच स्वातंत्र्ये मान्य केली : भूक-तहान, गैरसोय, दुखणे-इजा आणि भय यांपासून मुक्तता, आणि पाचवे, आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. पहिली चार, मनापासून झटले तर, बिऱ्हाडातही देता येतील. पाचवे मात्र आठ फूट बाय दहा फूट अंगणात कोणी द्यावे? आणि त्या स्वातंत्र्याचा अभाव असा, की तो दिसतही नाही.

यावर आणखी एक अडचण आहे, ती काळाची. कासव माणसाच्या मापाने जगत नाही. कलकत्त्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात ‘अद्वैत’ नावाचे एक प्रचंड कासव होते. ते २००६ साली वारले. ते मूळचे रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेतले, असे परंपरेने सांगत. ते खरे असेल तर बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याच्या मागे कासव किती काळ राहते, याचा तो हिशेब होय : क्लाइव्ह गेला, कंपनी गेली, साम्राज्य गेले, कासव राहिले. नेपोलियनला जेथे ठेवले होते त्या सेंट हेलेना बेटावर गव्हर्नराच्या बंगल्याच्या आवारात १८८२ साली सेशेल्सहून आणलेले एक कासव ठेवण्यात आले. त्यानंतर बंगल्यात गव्हर्नर येत राहिले आणि जात राहिले. कासव मात्र आवारातच. तेथे निदान बंगला कायम होता, आवार कायम होते, नव्या गव्हर्नराने कासव सांभाळावयाचे ही रीत कायम होती. आमच्या मागच्या अंगणास अशी कोणती रीत होती? २०१६ साली शेजारच्या सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर या वसाहती पाडून नव्याने बांधण्यास मंजुरी मिळाली, तेव्हा कळून चुकले की, माणूस बदलतो एवढेच नव्हे, अंगणही बदलते.

इंग्लंडातील सेलबर्न गावचे पाद्री व निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांची गोष्ट आम्हांस याहून अधिक बोधक वाटते. १७८० साली आत्या वारल्या तेव्हा त्यांच्या बागेतील कासव व्हाइटांकडे आले. ऐन झोपेच्या मोसमात ते मातीतून उकरून काढले आणि ऐंशी मैल घोडागाडीतून नेले. पुढे तेरा वर्षे व्हाइटांनी त्याची चाल, झोप, खाणे बारकाईने टिपून ठेवले. त्याचे नाव टिमथी. ते कासव मादी होते, हे दोघांच्याही मृत्यूनंतर कवच तपासले तेव्हा कळले. इतका डोळस, इतका प्रेमळ निरीक्षक. त्याच्याही सोबत्याची ही मूलभूत ओळख राहूनच गेली. तेव्हा ‘आमचे भाडेकरू आमच्याकडे सुखात आहे’ असे आम्ही कशाच्या बळावर म्हणत होतो?

आता काळ पालटला आहे. गुडगाव-नोएडाच्या भाड्याच्या सदनिकांतून राहणारी आपली तरुण मंडळी परदेशी सरडे, अजगर, काचेच्या पेटीतील कासवे पाळतात. परदेशी जातींवर देशी जातींसारखी सरसकट बंदी नाही. आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील जातींची २०२४ च्या नियमांप्रमाणे नोंदणी मात्र करावी लागते. नोंदणी केली म्हणजे कायद्याचे देणे फिटले. परंतु जिवाचे देणे फिटले असे नाही. लाल कानाचे ते चिमुकले अमेरिकन कासव रुपयाएवढे असताना दुकानातून आणतात. ते पुष्कळ मोठे होत जाते, वीस-तीस वर्षे जगते, आणि घरमालकाने घर रिकामे करावयास सांगितले की रात्री जवळच्या तळ्यात सोडले जाते. तेथे ते देशी कासवांच्या तोंडचे अन्न व उन्हाची जागा बळकावते. दया म्हणून केलेली ही सुटका एकाच वेळी दोघांवर अन्याय करते. घरमालक सापा-सरड्यांना नकार देतो तेव्हा आपण त्यास अडाणी म्हणतो; परंतु भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचे भय हेही भयच आहे, आणि अकरा महिन्यांच्या करारावर तीस वर्षांच्या जिवाची हमी देणारे आपण तरी कितपत शहाणे?

२०१८ च्या मार्चमध्ये आमच्या बदलीचा हुकूम आला. त्या रात्री जेवताना भाडेकरूचा प्रश्न निघाला. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, आपल्याला जसे मिळाले तसेच पुढच्यांना देऊ या. अंगण त्याच्या ओळखीचे आहे.” थोरल्या चिरंजीवांनी रिजच्या जंगलात सोडण्याची सूचना केली. धाकटी कन्या त्यास खोक्यात घालून आपल्याबरोबर नेण्याच्या मताची होती. रिज हे या जातीचे रान नव्हे. तेथे ते उपाशी मेले असते, किंवा आपला आजार दुसऱ्यास देऊन मेले असते. बरोबर नेणे म्हणजे गुन्हा एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेणे. राहिला सौभाग्यवतींचा मार्ग, आणि तो आम्हांस मनातून पसंत होता, कारण त्यात काहीच करावे लागत नव्हते. तेवढ्यात कन्या म्हणाली, “म्हणजे बाबा, पंखे नि नळ देतात तसे का?”

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आधीच्या मंडळींनी त्यास टाकून दिले, असे आम्ही चार वर्षे म्हणत आलो होतो. आता तेच आम्ही करणार होतो, आणि त्यास सोपवणे असे नाव देणार होतो. पुढच्या माणसाने ते मागितले नव्हते. आम्हीही मागितले नव्हते. न मागितलेला जीव एकामागून एक माणसांच्या गळ्यात घालीत जाण्याची ही परंपरा कोणीतरी मोडावयास हवी होती. आणि ती मोडण्याची किंमत थोडी मान खाली घालणे, एवढीच होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज लिहिला. ताब्यात कसे आले, कधी आले, वर्दी देण्यास विलंब का झाला, सारे लिहिले. विलंबाच्या कारणाशी लेखणी बराच वेळ अडली. ‘अनवधानाने’ हा सरकारी शब्द हाताशी होता. शेवटी ‘भीतीमुळे’ असे लिहिले. आपल्या सेवेतील असंख्य टिपणांमध्ये इतका स्पष्ट शब्द आम्ही क्वचितच लिहिला असेल. वन्यजीव विभागाच्या कार्यालयातील अधिकाऱ्याने अर्ज वाचला, कासव उलटसुलट करून पाहिले, पाठीच्या सुळक्यांवरून बोट फिरवले आणि पोच लिहून दिली. पुढे आम्हांस ज्ञापन आले नाही. परंतु ते बोट त्या सुळक्यांवरून फिरले तेव्हा जे वाटले ते कोणत्याही ज्ञापनाहून कमी नव्हते. कासवाचे पुढे काय झाले ते आम्हांस ठाऊक नाही. इतकी वर्षे घरात राहिलेले जनावर पुन्हा रानात सोडण्याजोगे असतेच असे नाही, हे त्या अधिकाऱ्यानेच सांगितले होते. म्हणजे आम्ही कायदा पाळला, पण झालेली हानी भरून दिली असे म्हणता येणार नाही.

आपल्या संतवाङ्मयात कासवीच्या नजरेचा दृष्टांत वारंवार येतो. कासवी पिलांस दूध पाजीत नाही, पंखाखाली घेत नाही. दुरून नुसत्या दृष्टीने त्यांचे पोषण करते, अशी ती कल्पना. प्राणिशास्त्र तिला दुजोरा देत नाही. कासवी अंडी घालते आणि निघून जाते. तथापि न कवटाळताही सांभाळता येते, हा त्या दृष्टांतातील विचार खोटा ठरत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली सागरी कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. समुद्रातून आलेली मादी वाळूत अंडी घालून परत जाते; गावकरी ती अंडी कुंपणात जपतात, पिले बाहेर पडली की समुद्राच्या दिशेने वाळूवर ठेवतात, आणि पिले आपल्या पायांनी पाण्यात जातात. पाहणाऱ्यांची गर्दी दहा पावले मागे उभी राहते. एकही कासव कोणाच्या घरी जात नाही. कासवाशी माणसाचे याहून चांगले नाते आम्ही कोठे पाहिलेले नाही.

मग बदलीच्या माणसाने कोणताच जीव जवळ करू नये काय? असा कठोर निकाल देण्याचा आमचा अधिकार नाही, आणि इच्छाही नाही. परमुलखातील एकलेपणा आम्हांस ठाऊक आहे. संध्याकाळी कुलूप उघडल्यावर घरात काहीतरी हलावे, ही आस आम्ही समजू शकतो. आमचे म्हणणे इतकेच की, जवळ करण्यापूर्वी मनाशी दोन प्रश्न विचारावेत. आपले येथले दिवस अधिक की त्याचे आयुष्य अधिक? आणि त्यास दुखले तर ते आपणांस कळेल काय? दोहोंची उत्तरे समाधानकारक नसतील तर तो मोह आवरावा. राहिले एकलेपण, तर प्रत्येक सरकारी घरात दिव्याच्या भोवती, भिंतीवर, एक पाल असतेच. ती आपल्या इच्छेने आलेली असते, आपले अन्न आपण मिळविते, आणि आपली बदली झाली तर तिचे काही अडत नाही.

नव्या गावी सामान सोडताना कन्येने खोक्यातून एक मातीचे पसरट भांडे काढले. भाडेकरूच्या पाण्याचे. ते आणले कशाला, असे आम्ही विचारले नाही. तिने ते गच्चीवर नेऊन पाखरांसाठी भरून ठेवले. पाखरे येतात, पितात, उडून जातात. बिऱ्हाड या शब्दाचा अर्थ काय, यावर आमचे मत आता विंचवाच्या बाजूचे झाले आहे.